वारा: ईशान्य

पणजीच्या पुराभिलेखागारात, माझ्या टेबलावर
गेले चार महिने एक माणूस उताणा पडून आहे:
आल्मिरांत दुआर्ते साल्गेरो पेश्ताना,
गव्हर्नर, साडेतीन वर्षं.
पानं सहाशे बारा. निम्मी कसरीने माझ्याआधीच वाचलेली.

माझं काम वाचायचं नाही. खळ लावायची,
जपानी कागद अंथरायचा, बोटाने हवा काढायची,
दाबाखाली ठेवून चहाला जायचं.
पण पोर्तुगीज मी आजोबांच्या शिव्यांतून शिकलो.
तशी शिकलेली भाषा डोळे मिटू देत नाही.

तर, बाराव्या वर्षी जहाजावर चढला.
तेराव्या वर्षी डोलकाठीवरून पडला, उजवा कान गेला.
(पुढे दरबारात अर्जदारांना तो उजवीकडेच उभं करी.)
पंचविशीत अंगोलाच्या किनाऱ्यावर
गुलामांचं एक गलबत धरलं.
डेकखाली माणसं एकशे सत्तर,
आकड्यापुढे त्याने स्वतः लिहिलं: नावं विचारावीत.
चाळिशीत एक जहाज खडकावर घातलं. चौकशी. निर्दोष.
निर्दोष म्हणून बढती, बढती म्हणून जमीन.
जमीन म्हणजे आम्ही.

जमिनीवर त्याला झोप येत नसे.
राजवाड्यातला पलंग काढून त्याने झोळी टांगली,
आणि मांडवीला भरती आली की उठून
पहारेकऱ्याला विचारायचा, किती वाव पाणी?
पहारेकरी तोंडाला येईल तो आकडा सांगायचा.
तो आकडा वहीत जायचा.

हुकूम कसलाही असो,
माडांवरचा कर, पाद्रींची भांडणं, देवीची लस,
समासात आधी वारा, मग बाकीचं.
वारा: पश्चिम, जोराचा. म्हापशाची तक्रार फेटाळली.
वारा: नाही. बायकोचं पत्रही नाही.

एकदा दिवाडीला बांध फुटला,
खाजनात खारं पाणी शिरलं.
हा होडीने गेला, तलवार होडीतच ठेवून
गुडघाभर चिखलात उतरला.
मानशीची फळी आवळणाऱ्या पुरसो नावाच्या म्हाताऱ्याची गाठ
त्याने सोडवून पाहिली, पुन्हा मारली,
आणि पानावर तिचं चित्र काढलं. खाली:
आमच्याकडेही हीच. इथलं नाव विचारायचं राहिलं.
त्या पानावर मी दोन दिवस घालवले,
ठरलेल्यापेक्षा जास्त कागद लावला,
साहेबांना सांगितलं नाही.
त्या वर्षीचा शेतसारा मात्र माफ नाही. तेही तिथेच आहे.

मग पान चारशे एक.
सत्तरीतले अकरा जण. बंडाचा आरोप.
शिक्षा: मोझांबिक, जन्मभर.
समासात तीच शाई, तेच वळणदार अक्षर:
वारा: ईशान्य, मंद, स्थिर. प्रवासाला उत्तम.

ब्रश खाली ठेवला.
खिडकीतून नदी दिसत नाही,
पार्किंग दिसतं, आणि एक बदामाचं झाड.

खाली नावं. दहाच.
अकराव्याच्या जागी कसरीचं भोक, आरपार,
मागच्या पानावरच्या मिठाच्या हिशोबापर्यंत.

नियम असा, की भोक बुजवायचं,
अक्षर भरायचं नाही.
मी भोक बुजवलं.

पुढे अजून दोनशे पानं आहेत:
पदक, पेन्शन, परतीचं जहाज,
आणि अगदी शेवटी, का कुणास ठाऊक,
धोब्याची एक पावती. सदरे नऊ. एक हरवला.
त्या एकासाठी त्याने तीन पत्रं लिहिली आहेत.

संध्याकाळी कामाच्या वहीत नोंद केली:
पान चारशे एक, एक बाजू पूर्ण.
समास कोरा होता. पेन तिथेच थांबलं.
मी बाहेर जाऊन आलो.
वारा पडला होता.